साडेचार सेंटिमीटरची ॲन: ट्यूडर दरबारातलं लघुचित्र कसं घडायचं आणि कशानं बिघडतं

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात एक गोल चित्र आहे. व्यास ४४.६ मिलिमीटर, म्हणजे मनगटावरच्या मोठ्या घड्याळाच्या तबकडीएवढा. निळ्या पार्श्वभूमीवर एक तरुणी थेट समोर बघते आहे. चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, पण पापण्या मिटायला जराशा जड आहेत हेही दिसतं. चित्र हस्तिदंताच्या डबीत बसवलेलं आहे आणि डबीचं झाकण गुलाबाच्या आकारात कोरलेलं आहे. तरुणी म्हणजे जर्मनीतल्या क्लीव्ह्ज संस्थानाच्या ड्यूकची मुलगी ॲन, चित्रकार हान्स होल्बाइन, वर्ष १५३९.

असं चित्र बघताना एक गैरसमज हमखास होतो: मोठ्या तैलचित्राची ही छोटी आवृत्ती असावी. तसं नाही. हे तैलचित्रच नव्हे. हा पोथीतून सुटून बाहेर आलेला पानाचा तुकडा आहे. त्याचं साहित्य पोथीचं, कुंचले पोथीचे, आणि त्याला होणारे आजारही पोथीचेच. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की चित्राबद्दलचं बाकी सगळं आपोआप उलगडत जातं.

नावातही तेच आहे. ‘मिनिएचर’ या शब्दाचा लहानपणाशी मुळात संबंध नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर, शिशापासून केलेला तांबडा रंग. हस्तलिखितातली मोठी आद्याक्षरं शेंदरानं रंगवत, त्या कामाला ‘मिनियारे’ म्हणत. पुढे पोथीतल्या चित्रांना तो शब्द लागला, आणि ती लहान असल्यामुळे लहान या अर्थानं रूढ झाला. खुद्द ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या इंग्लंडमध्ये मात्र या कलेला ‘लिमनिंग’ म्हणत. तो शब्दही पोथी सजवण्याच्याच कामातून आलेला.

पोथीतून डबीत

छापखाना आल्यावर हाती लिहिलेल्या सचित्र पोथ्यांची मागणी हळूहळू ओसरू लागली. फ्लँडर्समधल्या, म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या, गेंट आणि ब्रुज या शहरांत पोथीचित्रकारांची घराणी होती. गेंटचा ल्यूकस होरेनबाउट १५२५ च्या सुमारास इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या चाकरीत आला आणि त्यानं राजाची, राण्यांची सुटी गोल चित्रं काढायला सुरुवात केली. साधारण त्याच काळात फ्रेंच दरबारातही लॉकेटमध्ये बसणारी चित्रं दिसू लागतात. होल्बाइन हे तंत्र इंग्लंडमध्ये होरेनबाउटकडूनच शिकला असं मानलं जातं.

दरबारात या कामाची किंमत काय होती हे पगारावरून कळतं. होरेनबाउटला वर्षाला ३३ पौंड ६ शिलिंग मिळत, होल्बाइनला ३०. ब्रुजच्या सायमन बेनिंगची मुलगी लेव्हिना टेर्लिंक १५४६ मध्ये दरबारात आली, तिला ४० पौंड ठरले. आज होल्बाइनचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि लेव्हिनाचं कुणाला नाही. तिच्या हातचं म्हणून खात्रीनं दाखवता येईल असं एकही सही केलेलं चित्र उरलेलं नाही, हे त्यामागचं मोठं कारण.

ही चित्रं भिंतीवर टांगायची नसतच. ती हातात घेऊन बघायची, डबीत बंद करायची, गळ्यात घालायची, किंवा कागदात गुंडाळून कपाटात ठेवायची. १५६४ मध्ये स्कॉटलंडचा वकील, म्हणजे राजदूत, जेम्स मेल्व्हिल इंग्लंडच्या राणीला, पहिल्या एलिझाबेथला भेटला, तेव्हा तिनं शयनगृहातलं छोटं कपाट उघडून त्याला अशी चित्रं दाखवली. प्रत्येक चित्र कागदात गुंडाळलेलं होतं आणि कागदावर राणीच्या हातानं नाव लिहिलेलं होतं. कुणाचं चित्र कुणाला दाखवायचं आणि कुणाचं गुंडाळलेलंच ठेवायचं, हाही राजकारणाचा भाग होता.

ॲनचं चित्र कशासाठी काढलं

हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर ऑक्टोबर १५३७ मध्ये बाळंतपणानंतर वारली. नवी राणी शोधताना राजाला मुलीचा चेहरा आधी बघायचा होता. मार्च १५३८ मध्ये होल्बाइन ब्रसेल्सला गेला आणि डेन्मार्कच्या ख्रिस्तिनाला समोर बसवून त्यानं तीन तासांत रेखाटन केलं. ते लग्न जमलं नाही. मग मंत्री थॉमस क्रॉमवेलनं क्लीव्ह्ज घराण्याशी सोयरीक पुढे रेटली. तिथे गेलेल्या इंग्रज वकिलांची तक्रार होती की दोघी बहिणी इतक्या कपड्यांत गुरफटलेल्या असतात की ना चेहरा दिसत, ना बांधा. म्हणून ऑगस्ट १५३९ मध्ये होल्बाइनला जर्मनीतल्या ड्यूरेनला धाडलं. त्यानं ॲन आणि तिची धाकटी बहीण अमालिया या दोघींची चित्रं केली, आणि ती हुबेहूब उतरली आहेत असं वकील निकोलस वॉटननं कळवलं.

ॲनची होल्बाइननं केलेली दोन चित्रं आज आपल्यासमोर आहेत: हे डबीतलं, आणि पॅरिसच्या लूव्रमधलं ६५ गुणिले ४८ सेंटिमीटरचं मोठं. मोठं चित्रही चर्मपत्रावर काढून नंतर कॅनव्हासवर चिकटवलेलं आहे. प्रवासात लाकडी फळीपेक्षा चर्मपत्र नेणं किती सोपं, हे उघड आहे.

पुढची हकिगत अनेकांना माहीत असते. १ जानेवारी १५४० ला रॉचेस्टरला हेन्रीनं ॲनला प्रत्यक्ष पाहिलं आणि ती त्याला आवडली नाही. ६ जानेवारीला लग्न लागलं आणि ९ जुलैला ते रद्द झालं. २८ जुलैला क्रॉमवेलचा शिरच्छेद झाला. त्यावरून ‘चित्रकारानं फसवलं’ ही गोष्ट तयार झाली, ती मात्र पुराव्यावर टिकत नाही. राजानं होल्बाइनला शिक्षा केल्याची नोंद नाही, आणि चित्रं खोटी आहेत असं त्या वेळी कुणी म्हटल्याचंही दिसत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. दोन्ही चित्रं अगदी समोरून काढलेली आहेत, आणि समोरून काढलेल्या चेहऱ्यात नाकाची लांबी, उंचवटा, हनुवटीची ठेवण कळत नाही. हे खोटं बोलणं नव्हे, पण एक कोन निवडणं नक्कीच आहे. ॲन स्वतः या सगळ्यातून सहीसलामत बाहेर पडली, मालमत्ता मिळवून इंग्लंडमध्येच राहिली आणि १५५७ मध्ये वारली.

असं चित्र बनवायचं कसं

इथे सगळ्यात उपयोगी साक्षीदार म्हणजे निकोलस हिलिअर्ड, एलिझाबेथचा लघुचित्रकार. मूळचा सोनारकाम शिकलेला हा माणूस. सुमारे १६०० साली त्यानं या कलेवर एक पुस्तिका लिहिली. तिच्यातल्या सूचना आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे थर जुळवले की कृती बरीच स्पष्ट होते.

आधी पाठ तयार करायची. वासराच्या कातड्याचं सगळ्यात पातळ, गुळगुळीत चर्मपत्र घ्यायचं. उत्तम प्रतीचं मिळे ते मृत जन्मलेल्या वासराच्या कातड्याचं. ते इतकं पातळ की एकटं ठेवलं तर वळतं, सुरकुततं. म्हणून खळ लावून ते पत्त्याच्या पानावर चिकटवायचं. पत्ताच का? कारण तो कागदाचे थर एकमेकांवर चिकटवून, दाबून केलेला असे. कडक, सपाट आणि स्वस्त. छापील बाजू मागे जाई, कोरी बाजू चर्मपत्राला. हिलिअर्डनं १५७२ मध्ये काढलेलं एलिझाबेथचं चित्र उलटं केलं तर मागे चक्क बदाम राणी निघते. खळीचा थर अगदी पातळ आणि सारखा हवा. एखादी गाठ राहिली तर ती थेट राणीच्या गालावर फोड होऊन उठते. वाळल्यावर पाठ घोटून घ्यायची.

मग रंग. शिशाचा सफेदा, अझुराइट या तांब्याच्या खनिजाचा निळा, नीळ, किरमिजी, गेरूच्या जातीच्या माती, काजळी. प्रत्येक रंग दगडावर पाणी घालून वस्त्रगाळ होईपर्यंत वाटायचा आणि बाभळीच्या जातीच्या झाडाच्या डिंकाच्या पाण्यात कालवायचा. खरी मेख डिंकाच्या प्रमाणात आहे. डिंक कमी पडला तर रंग वाळल्यावर भुकटीसारखा बोटाला येतो. जास्त झाला तर रंग चमकतो, आकसतो आणि तडकतो. डिंक ठिसूळ होऊ नये म्हणून त्यात किंचित खडीसाखर घालत. निळ्याचा त्रास वेगळा. अझुराइट जितकं बारीक वाटावं तितकं फिकं पडतं आणि जाडं ठेवलं तर सपाट बसत नाही, त्यामुळे बरोबर कुठे थांबायचं हे हाताला कळावं लागतं.

कुंचले खारीच्या केसांचे, पक्ष्याच्या पिसाच्या नळीत बसवलेले. एकच केस असलेल्या कुंचल्याच्या गोष्टी सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नये. एका केसात रंग धरून राहत नाही, तो चर्मपत्राला टेकायच्या आत वाळतो. कुंचला चांगला भरीव हवा, फक्त त्याचं टोक सुईसारखं मिटलं पाहिजे.

चेहऱ्याचं काम असं चालतं. जिथे चेहरा येणार तिथे आधी त्वचेच्या रंगाचा एक सपाट, अपारदर्शक थर एका दमात टाकायचा. हा थर वाळला की त्यावर पुन्हा ओला कुंचला फिरवायचा नाही, कारण डिंक पाण्यानं विरघळतो आणि खालचा थर उठून येतो. म्हणून नाक, डोळे, ओठ, सावली हे सगळं जवळजवळ कोरड्या कुंचल्यानं, बारीक रेघा आणि ठिपके देत उभं करायचं. तैलरंगात चित्रकार चूक पुसू शकतो, ओल्यावर ओला रंग मिसळू शकतो. इथे त्या सोयी नाहीत. दोन रंगांचं मिश्रण कुंचल्यात होत नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यात होतं.

पार्श्वभूमी मात्र उलट, घाईनं करायची. निळा रंग भरपूर ओला घेऊन चेहऱ्याच्या कडेकडेनं फिरवायचा आणि पहिला भाग वाळायच्या आत शेवटच्या भागाला पोचायचं. मध्ये थांबलं की तिथे डाग पडतो, तो कशानंही जात नाही.

दागिन्यांत हिलिअर्डमधला सोनार दिसतो. सोन्याचा वर्ख मधात खलून, धुऊन, डिंकात कालवून शिंपल्यात ठेवायचा. म्हणून त्याला शिंपल्यातलं सोनं म्हणत. लावल्यावर एखाद्या लहान जनावराच्या दातानं तो घोटायचा, की धातूसारखा चकाकतो. मोत्यासाठी सफेद्याचा जाड थेंब ठेवायचा, तो उंचवटा बनून वाळतो, आणि त्यावर चांदीचा ठिपका देऊन घोटायचा. माणकासाठी आधी घोटलेली चांदी, तिच्यावर लाल रंगवलेल्या राळेचा थेंब गरम सुईनं सोडायचा. डबी हातात हलवली की दिव्याच्या उजेडात हे माणिक खरंच लुकलुकत असे. होल्बाइनच्या चित्रांत असली रत्नं नाहीत. तो सगळं रंगातूनच साधतो, आणि चित्रकार म्हणून मला तोच मोठा वाटतो.

जागेबद्दल हिलिअर्ड फार काटेकोर आहे. उत्तरेचा स्थिर उजेड, धूळ नाही, कोळशाचा धूर नाही. अंगावर रेशमी कपडे, कारण त्यांचे तंतू सुटत नाहीत. कामावर वाकून बोलायचं नाही, थुंकीचा एक बारीक तुषार चेहऱ्यावर खड्डा पाडतो. डोक्यातला कोंडा पडू द्यायचा नाही. आज हे सोवळं वाटेल, पण अंगठ्याएवढ्या चेहऱ्यावर कोंड्याचा कण म्हणजे नाकाएवढा दगड.

सावलीबद्दलही त्यानं एक प्रसंग नोंदवला आहे. राणी एलिझाबेथनं त्याच्याशी चर्चा केली की सावली कमी असलेली चित्रंच उत्तम, आणि मग ती बागेतल्या मोकळ्या वाटेवर जाऊन बसली, जिथे झाडाची सावली नव्हती. यात तिची हौस असेल, वयही असेल. पण एवढ्या लहान चेहऱ्यावर गडद सावली दिली तर ती तळहाताच्या अंतरावरून डागासारखी दिसते, हे कारागिरीचं कारणही तितकंच खरं आहे.

काय बिघडतं

आज हिलिअर्डच्या चित्रांतल्या बायका पांढऱ्याफटक दिसतात. पुष्कळ जण ते त्या काळच्या सफेद्याच्या मेकअपचं लक्षण मानतात. मेकअप होताच, पण बऱ्याच चित्रांत मूळ कारण वेगळं आहे: गाल आणि ओठ ज्या किरमिजी जातीच्या रंगानं रंगवले तो उजेडात उडून गेला. चौकटीच्या कडेखाली झाकल्या गेलेल्या भागात तो रंग अजून ताजा सापडतो. म्हणून संग्रहालयं ही चित्रं ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) आसपासच्या मंद उजेडात ठेवतात. तिथे अंधार आहे म्हणून चिडू नये; डोळ्यांना पाच मिनिटं द्यावीत, हळूहळू दिसायला लागतं.

चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते. त्यामुळे एके काळी लखलखणारे मोती आज काळ्या टिकल्या दिसतात आणि माणकं मळकट तपकिरी. सफेदाही गंधकाच्या धुरानं काळवंडतो, लेसच्या कडांवर ते आधी कळतं.

दमटपणात चर्मपत्र फुगतं, पत्ता वेगळ्या गतीनं फुगतो, आणि दोघांच्या ओढाताणीत वरचा रंग पापुद्रे सोडतो. डिंक आणि साखर म्हणजे बुरशीची मेजवानी. लॉकेटवरची काचही शत्रू होऊ शकते. काही जुन्या काचांतून क्षार पाझरतात, आतल्या बाजूनं थेंब साचतात आणि रंगावर टपकतात. अशा वेळी काच बदलण्यावाचून उपाय नसतो.

आणि साफसफाई? तैलचित्रावरचं वॉर्निश काढता येतं. इथे वॉर्निशच नाही आणि पाण्याचा बोळा लावला तर चित्रच बोळ्यावर येतं. घरात जुनी पोथीचित्रं असणाऱ्या मराठी वाचकांनाही हे तंतोतंत लागू आहे. डिंकात कालवलेल्या रंगाला ओलं फडकं कधीही लावू नये, फुंकर मारून धूळ उडवू नये, आणि काच थेट चित्राला टेकू देऊ नये.

चित्र ओळखताना

पहिला प्रश्न: कशावर काढलंय? हस्तिदंताच्या पातळ पत्र्यावर असेल तर ते ट्यूडर काळातलं नाही. हस्तिदंतावर रंगवायची पद्धत १७०० च्या सुमारास सुरू झाली. ॲनची डबी हस्तिदंताची आहे, चित्र नाही. हा फरक अनेकदा सुटतो.

दुसरा: काय लिहिलंय? निळ्यावर सोन्याच्या अक्षरांत ‘ॲनो’ आणि ‘एटाटिस सुए’ असं सापडतं, म्हणजे साल आणि वय. एलिझाबेथच्या त्या चित्रावर १५७२ आणि ३८ आहे. तिचा जन्म ७ सप्टेंबर १५३३ चा, म्हणजे इथे पूर्ण झालेली वर्षं मोजलेली आहेत आणि चित्र त्या सप्टेंबरच्या आधीचं. त्या काळी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे, तेव्हा जानेवारी ते मार्चमधल्या तारखांत आपल्या हिशोबानं एका वर्षाचा फरक पडतो.

तिसरा, आणि सगळ्यात निसरडा: ही बाई कोण? निव्वळ थाटावरून ठरवू नये. होल्बाइनच्याच जेन स्मॉलच्या चित्रात तीच निळी पार्श्वभूमी, तीच सोनेरी अक्षरं आहेत, पण ती लंडनच्या कापड व्यापाऱ्याची बायको होती. उलट इंग्लंडच्या राजसंग्रहात होल्बाइनचं एक चित्र आहे. दागिने राजघराण्यातल्या नोंदींशी जुळतात म्हणून ती पाचवी राणी कॅथरिन हॉवर्ड मानली जाते. त्याच्या मागचा पत्ता आहे चौकटची चौकी. त्यावरून अलीकडे एक मत पुढे आलं की हा इशारा चौथ्या राणीचा, म्हणजे ही ॲनच. कल्पना मोहक आहे, पण पत्त्यावर एवढा भार टाकणं धोक्याचं वाटतं. चित्रकार पत्ता कापायचा तो पाठ कडक हवी म्हणून. दागिने राणीकडून राणीकडे जात असल्यामुळे तोही पुरावा पक्का नाही, पण पत्त्यापेक्षा बरा.

शेवटी या कलेचा आपल्याकडच्या दरबाराशी झालेला एक खरा सामना. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१६ मध्ये अजमेरला जहांगीरच्या दरबारात होता. त्याच्याजवळ एका जिवलगाचं लहानसं इंग्रजी चित्र होतं. जहांगीर म्हणाला, माझे चितारी याची अशी नक्कल करतील की तुम्हाला तुमचं ओळखता येणार नाही. रोला ते अशक्य वाटलं. पण डिंकात कालवलेले अपारदर्शक रंग, घोटलेली पाठ, खारीच्या केसांचे कुंचले, ठिपक्यांनी उभा केलेला चेहरा, हे सगळं मुघल चिताऱ्यांच्या रोजच्या हातचं होतं. तैलचित्र असतं तर गोष्ट निराळी. काही दिवसांनी रात्री बादशहानं रोला बोलावलं आणि एका फळीवर लावलेली सहा चित्रं समोर ठेवली, पाच नकला आणि एक मूळ. मेणबत्तीच्या उजेडात रो काही वेळ गोंधळला. मग त्यानं आपलं चित्र ओळखलं आणि फरक कुठे आहेत ते दाखवून दिलं, पण सामान्य नजरेला ते कळणार नाहीत हेही त्यानं आपल्या रोजनिशीत मान्य केलं.